थुंकीची डबी आणि गिटार

पहिल्यांदा ते मला हेडफोनमध्ये ऐकू आलं.

रविवारची दुपार होती. आमच्या डहाणूच्या घरातली मागची खोली मी रविवारी तास-दीड तास बंद करून घ्यायचे. खिडकीवर गोधडी, पंखा बंद, मांडीवर गिटार, तोंडासमोर मायक्रोफोन. घामाने नुसती आंघोळ व्हायची, पण पंखा चालू ठेवला की त्याची घरघर रेकॉर्ड होते. कॉलेजात हॉस्टेलवर असताना मला इंग्रजी रॉक गाण्यांचं वेड लागलं होतं. चिडकी, किंचाळणारी, कर्कश गाणी. तीच आता मी साध्या गिटारवर, संथ करून म्हणायचे आणि इंटरनेटवर टाकायचे. ऐकणारे मूठभर. मी तलासरीला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. आठवडाभर दुसऱ्यांचे अर्ज पुढे सरकवल्यावर हा एक तास माझा असायचा.

त्या दिवशी वरच्या पट्टीतली एक ओळ लागेचना. पुन्हा पुन्हा म्हटली. मग रेकॉर्डिंग लावून ऐकलं, तर दोन ओळींच्या मध्ये एक खरखर. नितीनला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे, तारांमधलं त्याला कळतं. त्याने केबल बदलली, सगळं काढून पुन्हा जोडलं.

"आता बघ."

खरखर तशीच. मी आवाज वाढवला, डोळे मिटून ऐकलं. आणि मला कळलं की ती तारेतली खरखर नाही. ती ओली होती. चिखलात चप्पल रुतल्यावर काढताना जसा आवाज येतो, तसा. तो माझ्या घशातून येत होता. मी हेडफोन काढून गादीवर फेकला. आपल्याच आतला तो आवाज कानाच्या इतक्या जवळ ऐकून मला शिसारी आली.

मग मी काय केलं? श्वासांच्या जागा कापल्या आणि गाणं इंटरनेटवर टाकून दिलं.

बारीक झालीस!

आवाज बसला तो बसलाच. सासूबाईंनी काढा दिला, ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. ऑफिसात सगळे म्हणायचे, "मॅडम, किती बारीक झालात! काय डाएट?" मला बरं वाटायचं, हे आज लिहितानाही तोंड कडू होतं. संध्याकाळी अंग कसकसायचं, ते मी तलासरीच्या रोजच्या जीपमधल्या धक्क्यांवर आणि तिथल्या उन्हावर ढकलायचे.

एक दिवस मुलीला हाक मारली आणि आवाजच निघाला नाही. नुसती हवा. सई दुसरीत आहे. तिने वळून पाहिलं आणि विचारलं, "आई, तू कुजबुजतेस का?"

दुसऱ्याच दिवशी नितीन मला वापीला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

पडद्यावर

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. ती घशात उतरताना काय होतं ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून लाळ, आणि वर "बेन, ई म्हणा, ई." समोरच्या पडद्यावर माझ्या स्वरतंतूंचं चित्र. दोन पांढऱ्या पट्ट्या असायला हव्यात, असं डॉक्टर म्हणाले. तिथे सुजलेलं, लालभडक, मधेच पिवळट चट्टे पडलेलं मांस होतं. उघड्यावर ठेवलेल्या मटणासारखं. याच्यातून मी गात होते!

"कापीने जोवू पडशे," डॉक्टर म्हणाले आणि लगेच मराठीत आले, "तुकडा काढून तपासायला पाठवू. तोपर्यंत काही मनात आणू नका."

मनात न आणणं कसं जमतं, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी येताना आम्ही दोघंही तो एकच शब्द टाळत होतो. नितीन रस्त्यावरच्या प्रत्येक टेम्पोवर चिडत होता. मी मनात हिशेब करत होते की सई दहावीला जाईल तेव्हा मी असेन का.

तुकडा काढायला भूल दिली. नंतर घसा सुजला, म्हणून चार दिवस तिथेच ठेवून घेतलं. त्या वॉर्डाचा वास अजून माझ्या नाकात आहे. फिनेल, उकडलेली दुधी, शेजारच्या बाईचं भरलेलं भांडं, आणि या सगळ्यावर कुणीतरी मारलेला मोगऱ्याचा स्प्रे. सकाळी तापमान, मग चहा, मग पुसायला येणारी बाई. तिचं ते एकच काळं फडकं खाटेखालून निघून माझ्या टेबलाच्या पायावरून फिरायचं. माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण मी चार दिवस मुठीत धरून झोपले.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी नितीनकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "टीबी आहे. स्वरयंत्राचा. फुप्फुसातपण आहे. औषधाने बरा होतो."

आम्ही बाहेर गाडीत येऊन बसलो. नितीन हसायला लागला. स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत सुटला. "टीबी! अगं नुसता टीबी आहे, अपर्णा!"

मी दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकले. सुटकेने की भीतीने, कोण जाणे. एक कुत्रा येऊन ते हुंगू लागला.

थुंकी नको

पुढची औषधं डहाणूच्या सरकारी दवाखान्यातून. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. त्यांनी हातात प्लास्टिकची डबी दिली आणि म्हणाल्या, "थुंकी नको हं. बेडका हवा."

बेडका! शाळेत असताना हा शब्द उच्चारला तरी आम्ही मुली पळायचो. आणि आता मी दवाखान्याच्या मागे, नळाजवळ, भिंतीकडे तोंड करून तो काढत होते. खोल श्वास घ्यायचा, खोकायचं, पुन्हा खोकायचं. मी डबी नेऊन दिली. सिस्टरांनी ती उजेडात धरून पाहिली.

"ही लाळ आहे. परत."

परत गेले. या वेळी आला. हिरवट, दोऱ्या असलेला, गरम. डबीतून त्याची ऊब बोटांना लागत होती. जे मी माझ्या शत्रूच्या अंगणात टाकलं नसतं, ते मी दोन्ही हातांनी जपून, झाकण घट्ट लावून त्यांच्यापुढे ठेवलं.

"शाब्बास," सिस्टर म्हणाल्या. त्या गंमत करत नव्हत्या.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी सिस्टरांनी बजावलं होतं की लघवी लाल-नारिंगी होईल, घाबरू नका. माहीत असूनही संडासात खाली पाहिलं आणि भिंत धरली. घाम नारिंगी. उशीवर डाग नारिंगी. एकदा रडले तर रुमाल नारिंगी झाला. पुढे रडायचीही किळस येऊ लागली. तोंडाला सतत गंजलेल्या खिळ्याची चव. भाताचा वास आला तरी पोटात ढवळायचं, आणि मासे तळण्याच्या वासाने तर मी उशीत तोंड खुपसायचे. डहाणूत राहून मासळीच्या वासापासून पळायचं कुठे?

मागची खोली

माझी रेकॉर्डिंगची खोली आता माझी आजारपणाची खोली झाली. खिडकीवरची गोधडी सिस्टरांच्या सांगण्यावरून काढली. हवा खेळली पाहिजे. औषध लागू पडेपर्यंत सईने आत यायचं नाही, मी मास्क लावायचा. आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने तंतूंवर जास्त ताण येतो. मी फोनवर टाइप करून दाखवायचे.

कोपऱ्यात मायक्रोफोन तसाच उभा होता. त्याच्या तोंडावर काळा स्पंज असतो, श्वासाचे फुत्कार अडवायला. एका सकाळी माझी नजर त्या स्पंजवर गेली आणि मनात आलं की कित्येक महिने मी हे सगळं त्याच्यात फुंकलंय. त्याच्यावर ओठ टेकवून. मी टाइप केलं, "ते आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ." नितीनने हातमोजे घालून पिशवीत भरलं. पुढे सिस्टरांनी सांगितलं की हा आजार वस्तूंतून, भांड्यांतून पसरत नाही. खोकल्यातून, हवेतून पसरतो. मायक्रोफोन टाकायची काही गरज नव्हती. पण तो मला पुन्हा तोंडाजवळ नको होता.

भांड्यांचं सिस्टरांनी सासूबाईंनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढला. त्याला लाल दोरा बांधला. जेवण दाराशी ठेवायच्या आणि पदर नाकाला लावून मागे सरायच्या. शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं, "थायरॉईड आहे." आणि मला, दाराबाहेरून, "त्या किंचाळ्या मारून मारून घसा फोडून घेतलास. कुणी सांगितलं होतं दारं-खिडक्या कोंडून बोंबलायला? सईला काही झालं तर?"

मला उत्तर देता येत नव्हतं. बोलायला बंदी! लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांचं इतकं निमूट कधीच ऐकून घेतलं नव्हतं. मी फोनवर भलंमोठं काहीतरी टाइप केलं, आणि मग आठवलं की त्यांचा चष्मा स्वयंपाकघरात आहे. पुसून टाकलं.

पण त्यांचा शेवटचा प्रश्न माझाही होता. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. सईच्या छातीचा एक्स-रे काढताना मी बाहेर मास्क लावून उभी होते आणि आतून तिचा आवाज येत होता, "श्वास धरू? किती वेळ धरू?" तिघांचेही रिपोर्ट चांगले आले. सईला आणि बाकीच्यांना खबरदारी म्हणून गोळ्या दिल्या. सासूबाईंना स्वतःलाच गोळी घ्यावी लागली, तेव्हा त्या पहिल्या दिवशी माझ्या दारात आल्या. पदर नाकाला होताच. "मळमळतं का गं याने?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्या गेल्या. आमच्यात यापलीकडे काही झालं नाही. मी त्यांना माफ केलं असं लिहिणार नाही.

नितीन

त्या दिवसांतलं एक आठवतं. मला खोकल्याची उबळ आली होती, आणि मी झाकणाच्या डब्यात थुंकत होते. नितीन दाराशी बसला होता. त्याला उमासा आला. तोंडावर हात दाबून तो उठला, न्हाणीघरात गेला. मला सगळं ऐकू आलं.

तो परत आला. मी फोन पुढे केला: "तुला माझी किळस येते."

मला वाटलं तो नाही म्हणेल. त्या वेळी भेटायला येणारे सगळे "छे छे, काहीतरीच काय" म्हणायचे आणि खुर्ची मागे घ्यायचे. एका मावशीने तर माझ्याकडून पाण्याचा ग्लास घेतला, हसली, आणि तो न पिता तुळशीत ओतला.

"येते," नितीन म्हणाला. "खूप येते. त्या डब्याचा आवाज आला की पोटातून ढवळतं. काय करू, थांबवता येत नाही मला."



"पण मी इथेच बसणारे," तो म्हणाला. "तू थुंक. मी भिंतीकडे बघतो."

आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. उन्हाळ्याची दुपार होती. बाहेर वाडीत कुणीतरी चिकू उतरवत होतं, मालगाडी गेली, आणि तो पाठमोरा बसून मला ऑफिसातल्या कुणाच्या तरी बदलीची हकिकत सांगत होता. आजारपणात मला पुष्कळ गोड बोलणारी माणसं भेटली. ती मी विसरले.

पुन्हा तलासरी

औषध लागू पडलं. माझ्यापासून कुणाला धोका नाही असं सिस्टरांनी लिहून दिल्यावर मी कामावर रुजू झाले. गोळ्या चालूच होत्या, सहा महिने पुरे करायचे होते. ऑफिसात माझं टेबल खिडकीपाशी हलवलं होतं. "तुम्हाला हवा मिळावी म्हणून, मॅडम." सगळ्यांना काचेच्या पेल्यात चहा, मला कागदी कपात. फाइल माझ्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवायची आणि बोटाने पुढे ढकलायची. एके दिवशी मी मोठ्याने, म्हणजे माझ्या त्या फाटक्या आवाजात जितकं मोठ्याने येईल तितकं, म्हटलं, "मला टीबी आहे. औषध चालू आहे. तुम्हाला होणार नाही. चहा पेल्यात आणा."

पेला आला. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले, जणू त्यातून काहीतरी उडी मारणार आहे.

औषध संपल्यावर वापीच्या डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. सूज गेली होती. एका तंतूवर जखमेचा वण राहिला होता, त्यामुळे तो नीट मिटत नव्हता. "बोलण्याला हरकत नाही," ते म्हणाले. "गाणं... खालच्या पट्टीत गा, बेन. वरचे सूर बहुतेक येणार नाहीत."

लोकांना आवडलं

नवा मायक्रोफोन घ्यायला मला बरेच दिवस लागले. घेतल्यावर एक जुनं गाणं पट्टी उतरवून म्हटलं. वरची ओळ आली तिथे आवाज फुटला, अर्धा सूर आणि अर्धी हवा. मी ते तसंच टाकलं, कापायचा कंटाळा आला म्हणून.

आजवर माझं एवढं कुठलंच गाणं लोकांनी ऐकलं नव्हतं. 'काय आवाज लागलाय!' 'याला म्हणतात दर्द.' आजाराचं माहीत असलेल्या हॉस्टेलवरच्या एका मैत्रिणीचा फोन आला, "अगं, किती सेक्सी झालाय तुझा आवाज! आधी कसा गुळगुळीत होता. तो टीबी लकीच म्हणायचा तुला."

मी फोन ठेवला आणि हात धुतले. का धुतले ते ठाऊक नाही. त्यांना जे आवडत होतं ते घशातलं कुजून भरलेलं मांस होतं. संध्याकाळी मी त्या गाण्याखाली लिहिलं: 'हा आवाज दर्दाचा नाही, टीबीचा आहे. यासाठी मी सहा महिने नारिंगी मुतले आहे आणि रोज ओकले आहे. आवाज आवडला असेल तर ठीक. पण तुमचा आवाज तीन आठवडे बसला असेल तर काढे पीत बसू नका, तपासून घ्या.' बऱ्याच जणांनी गाण्याखाली दिलेल्या आपल्या टाळ्या काढून घेतल्या. नितीन म्हणाला, "मुतले हा शब्द तरी बदल." मी बदलला नाही.

ते वाचून कुणी मोठा गायक भेटायला आला नाही. आमच्या ऑफिसातले शिपाई रमेशभाऊ आले. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या गावात त्यांची भातशेती आहे. मुलाने त्यांना फोनवर वाचून दाखवलं होतं.

"मॅडम, माझे बायकोला पण तोच हाय," ते हळूच म्हणाले. "चालू केलेल्या गोळ्या. आता घेतच नाय. माझा ऐकत नाय ती. तुम्ही बोलता का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते तिला घेऊन आले. लखमी नाव. ऑफिसच्या मागच्या अंगणात, आंब्याखाली, आम्ही दोघी बाकावर बसलो. ती माझ्याकडे बघेचना. गोळ्या अर्धवट सोडल्या की आजार उलटतो, मग साध्या औषधांना दाद देत नाही, हे मला सिस्टरांनी शिकवलं होतं, आणि ते सांगायचं मी ठरवूनही आले होते. पण तिचा चेहरा पाहून वाटलं, हे तिला दहा जणांनी सांगितलं असणार.

"लाल होते ना?" मी विचारलं.

तिने चटकन वर पाहिलं. "तुमची पण?"

"सगळं लाल. घाम पण."

"मला वाटला रगत जाते," ती म्हणाली. "सासूला दिसला, ती बोलली बाई सडली आतून. मग मी बंद केल्या."

"आणि ओकारी?"

"भाकर बघितली का येते. घरात उभा ऱ्हायला नको वाटते." मग ती बोलतच सुटली. बेडक्याचा वास. तोंडातली चव. नवऱ्याने अंगणात वेगळी टाकलेली खाट. मी माझी बेडक्याची डबी सांगितली, वापीचा कुत्रा सांगितला. त्यावर ती तोंडावर पदर धरून हसली, खोकली, पुन्हा हसली. रमेशभाऊ लांबून बघत होते, या दोघी कशावर हसतायत ते त्यांना कळेना.

गोळ्या ती भल्या सकाळी, चहाही न घेता घ्यायची. ओकते हे तिने दवाखान्यात सांगितलंच नव्हतं. लाज वाटली म्हणाली. मी सांगितलं की आपण आज सुट्टी झाल्यावर दोघी दवाखान्यात जाऊ, ओकारी थांबवायची वेगळी गोळी मिळते. ऑफिस सुटल्यावर आम्ही तलासरीच्याच सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर तिला जरा रागावल्या, मग नवं पाकीट दिलं, ओकारीची गोळी दिली, थोडा वेळ थांबायला लावलं. मी तिला बिस्किटं खायला लावली.

मग तिने दिवसाच्या तीनही गोळ्या तळहातावर घेतल्या. विटकरी रंगाच्या, ठसठशीत. त्या बघूनच माझ्या जिभेवर ती गंजकी चव आली. तिने एकेक करून गिळल्या आणि शेवटच्या गोळीला तिचा चेहरा आवळला, खांदे वर आले, घशातून तो आवाज निघाला. मी विचार न करता माझे दोन्ही हात ओंजळ करून तिच्या तोंडाखाली धरले.

आम्ही दोघी तशाच थांबलो. तिचा गरम श्वास माझ्या तळव्यांवर पडत होता. काही आलं नाही. तिने आवंढा गिळला, डोळे उघडले, माझ्या ओंजळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हायली आत."